नो एक्स्क्यूज, सर : एका कॅडेटचा प्रशिक्षक होण्याचा प्रवास

यंदा आमच्या हाउसच्या सब-ज्युनिअर बास्केटबॉल संघाला शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. सहावी-सातवीची बारा मुले, रोजचा गेम्स पीरियड आणि तयारीला फक्त तीन आठवडे. आंतर-हाउस साखळी स्पर्धेतला पहिला सामना आम्ही ३१–१२ असा हरलो. संध्याकाळी हाउस मास्टर सरांनी विचारले, "काय झाले?" मी लगेच कारणे सांगितली. पावसाने कोर्ट ओले होते. आमचा सर्वांत उंच मुलगा एम. आय. रूममध्ये होता. पंचांनी दोन फाउल चुकीचे दिले. आणि सातवीतल्या एका मुलाने हातात आलेले तीन पास सोडले.

सर शांतपणे म्हणाले, "चार कारणे ऐकली. यांतले तुझे कोणते?"

मला उत्तर सुचले नाही. मागे वळून पाहिले तर तो सातवीतला मुलगा तिथेच उभा होता. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला यायचा बंद झाला.

त्याच आठवड्यात ग्रंथालयात मी एका प्रशिक्षकाविषयी वाचायला घेतले आणि नंतर मिळेल ते वाचत गेलो. शाळेत असताना भरपूर गुण करणारा खेळाडू, नंतर लष्करी अकादमीतला कॅडेट, मग सैन्यातला कॅप्टन आणि शेवटी अमेरिकेच्या विद्यापीठ बास्केटबॉलमधला सर्वाधिक विजय मिळवणारा पुरुष संघाचा प्रशिक्षक, असा त्यांचा प्रवास आहे. त्यांचे नाव माइक शशेफ्स्की. या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दहा अक्षरांचे आहे आणि ते पाहून उच्चार कळत नाही. म्हणून सगळे जग त्यांना 'कोच के' म्हणते. आपण कॅडेट आहोत, त्यामुळे त्यांची गोष्ट आपल्याला जास्त जवळची वाटेल असे मला वाटते.

शिकागोतले घर

कोच के यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९४७ रोजी शिकागो शहरात झाला. त्यांचे घराणे मूळचे पोलंडमधून अमेरिकेत आलेले. वडील विल्यम लिफ्ट चालवण्याचे काम करत. पोलिश आडनावामुळे नोकरीत अडचण येऊ नये म्हणून ते कामावर 'क्रॉस' असे छोटे आडनाव लावत. आई एमिली रात्री एका क्लबमध्ये फरशा पुसण्याचे काम करत असे. मुलांनी पोलिश उच्चारात इंग्रजी बोलू नये म्हणून आईवडिलांनी त्यांना पोलिश भाषा शिकवली नाही. स्वतः मात्र ते घरात पोलिशमध्ये बोलत.

माइक हायस्कूलमध्ये जाणार होते तेव्हा आईने त्यांना सांगितले होते की योग्य बसमध्ये चढ. त्यांना वाटले, आई बसच्या नंबरविषयी बोलते आहे. पुढे त्यांना अर्थ कळला : चांगल्या माणसांबरोबर प्रवास कर आणि तुझ्या बसमध्येही चांगल्याच माणसांना घे. हा किस्सा ते आपल्या भाषणांत नेहमी सांगतात.

आर्चबिशप वेबर हायस्कूल ही मुलांची कॅथलिक शाळा होती. तिथे माइक यांनी शिकागोच्या कॅथलिक शाळांच्या स्पर्धेत दोन हंगाम सर्वाधिक गुण केले. चेंडू हातात आला की बास्केटकडे मारायचा, हा त्यांचा खेळ होता. तेव्हा वेस्ट पॉइंट येथील अमेरिकेच्या लष्करी अकादमीने त्यांना बोलावले. आपल्याकडे जसे खडकवासल्याची एन. डी. ए., तशी तिकडे सैन्य अधिकारी घडवणारी ही अकादमी. ती १८०२ मध्ये हडसन नदीच्या काठी सुरू झाली.

माइक यांना तिथे जायचे नव्हते. त्यांना बास्केटबॉल खेळायचे होते, सैनिक व्हायचे नव्हते. आईवडील रोज स्वयंपाकघरात पोलिशमध्ये बोलत बसायचे आणि त्यात मध्येच 'माइक' आणि 'मूर्ख' हे दोनच शब्द इंग्रजीत ऐकू यायचे. ते ऐकून ऐकून शेवटी माइक यांनी होकार दिला. पुढे त्यांनी अनेकदा सांगितले की आईवडिलांचे ऐकले हा आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला निर्णय होता. आपल्यापैकी किती जणांनी ही शाळा स्वतः निवडली? माझा फॉर्म तरी बाबांनी भरला होता. पालक हा लेख वाचत असतील तर हा परिच्छेद त्यांच्यासाठी आहे.

चिखलाचे बूट

वेस्ट पॉइंटमध्ये पहिल्या वर्षाच्या कॅडेटला वरिष्ठांच्या प्रश्नावर ठरावीक उत्तरेच देता येतात. त्यांतली तीन कोच के नेहमी सांगतात : 'येस सर', 'नो सर' आणि 'नो एक्स्क्यूज, सर'.

एकदा ते आपल्या खोलीतल्या सोबत्याबरोबर चालले होते. सोबत्याचा पाय डबक्यात पडला आणि माइक यांच्या चकचकीत बुटांवर चिखल उडाला. समोरून वरिष्ठ कॅडेट आले. बूट असे का, म्हणून त्यांनी माइक यांना फैलावर घेतले. खरे कारण सोबत्याचा पाय हे होते, पण ते सांगता येणार नव्हते. उत्तर एकच होते : 'नो एक्स्क्यूज, सर.'

आधी त्यांना सोबत्याचा राग आला. नंतर विचार केल्यावर लक्षात आले की चिखल दुसऱ्याने उडवला असला तरी बूट आपले होते. आपण परत खोलीत जाऊन बूट बदलू शकलो असतो. ते आपण केले नाही.

हा प्रसंग वाचून मला पहिल्यांदा वाटले की यात अन्याय आहे. पण या उत्तराचा अर्थ 'चूक माझीच' असा नाही. त्याचा अर्थ 'आता पुढचे काम माझे' असा आहे. सामन्यात पंचांचा निर्णय, ओले कोर्ट, आजारी खेळाडू यांतले काहीच आपल्या हातात नसते. मग आपल्या हातात काय होते, एवढाच प्रश्न उरतो.

गुण करणारा मुलगा पास देऊ लागतो

१९६५ मध्ये वेस्ट पॉइंटच्या बास्केटबॉल संघाला नवे मुख्य प्रशिक्षक मिळाले. त्यांचे नाव बॉब नाइट आणि वय फक्त २४. ते फार कडक होते. त्यांनी शाळेत गुणांचा पाऊस पाडणाऱ्या माइक यांना पॉइंट गार्ड केले.

ज्यांना खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच खेळाडू कोर्टवर असतात. चेंडू आपल्या बाजूने पुढे आणणारा आणि कोणता डाव खेळायचा हे ठरवणारा खेळाडू म्हणजे पॉइंट गार्ड. कोण मोकळा आहे, कोण दमला आहे, समोरचा बचाव कुठे कच्चा आहे हे त्याला चेंडू न पाहता दिसले पाहिजे. त्याच्या नावावर गुण कमी लागतात. त्याने दिलेल्या पासवर दुसरा गुण करतो आणि टाळ्या त्याला मिळतात.

माइक यांनी हे स्वीकारले. ते पास देऊ लागले आणि समोरच्या संघातल्या चांगल्या खेळाडूला रोखू लागले. शेवटच्या वर्षी, १९६८–६९ च्या हंगामात, ते संघाचे कर्णधार होते. त्या वर्षी संघ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धेत गेला आणि चौथा आला. मला वाटते, ते प्रशिक्षक झाले ते याच वर्षांत. शिट्टी गळ्यात नंतर आली, पण कोर्टवर उभे राहून इतर चौघांचा विचार करण्याची सवय आधी लागली.

त्याच हंगामात, मार्च १९६९ मध्ये, त्यांचे वडील अचानक वारले. कडक म्हणून ओळखले जाणारे नाइट स्वतः शिकागोला गेले आणि काही दिवस त्यांच्या आईजवळ राहिले. प्रशिक्षकाचे काम कोर्टच्या रेषेवर संपत नाही, हे माइक यांनी तिथे पाहिले.

सैन्य, शिट्टी आणि तीन वाईट हंगाम

१९६९ ते १९७४ अशी पाच वर्षे ते सैन्यात अधिकारी होते. पहिली तीन वर्षे त्यांनी सैन्याचे संघ सांभाळले. पुढची दोन वर्षे वेस्ट पॉइंटमध्ये जाण्याची तयारी करून घेणाऱ्या शाळेत ते मुख्य प्रशिक्षक होते, म्हणजे साधारण आपल्यासारख्याच मुलांना त्यांनी शिकवले. कॅप्टनच्या हुद्द्यावर असताना त्यांनी सैन्य सोडले. एक वर्ष ते इंडियाना विद्यापीठात नाइट यांचे सहायक झाले. त्या हंगामात इंडियानाने ३१ सामने जिंकले आणि फक्त एक गमावला.

१९७५ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, ते वेस्ट पॉइंटचे मुख्य प्रशिक्षक झाले. लष्करी अकादमीचा संघ बांधणे अवघड असते. पदवीनंतर सैन्यात नोकरी करावी लागते, त्यामुळे व्यावसायिक खेळाडू होण्याची स्वप्ने पाहणारी मुले दुसरीकडे जातात. पाच वर्षांत त्यांच्या संघाने ७३ सामने जिंकले आणि ५९ गमावले. शेवटच्या वर्षी तर ९ विजय आणि १७ पराभव होते.

अशा हंगामानंतर, मार्च १९८० मध्ये, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. तिथल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने त्यांचे नाव मथळ्यात दिले आणि सोबत हेही छापले की ही छपाईची चूक नाही. इतके ते नाव कोणाला माहीत नव्हते.

ड्यूकमधले पहिले तीन हंगाम असे होते : पहिल्या वर्षी १७ विजय, १३ पराभव. दुसऱ्या वर्षी १० विजय, १७ पराभव. तिसऱ्या वर्षी ११ विजय, १७ पराभव. तिसऱ्या हंगामाचा शेवट व्हर्जिनिया विद्यापीठाविरुद्ध झाला आणि त्यात ड्यूक १०९–६६ असा हरला, म्हणजे ४३ गुणांनी. विद्यापीठाला देणग्या देणारे लोक त्यांना काढून टाका म्हणू लागले.

इथे कारणे सांगायला भरपूर जागा होती. संघातले मुख्य खेळाडू पहिल्या वर्षाची पोरे होती : जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बायलस, डेव्हिड हेंडरसन. पण कोच के यांनी ना मुलांना दोष दिला, ना आपली पद्धत सोडली. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सरावाला खेळाडू आत आले तेव्हा स्कोअरबोर्डवर १०९–६६ असे आकडे लावलेले होते. मुलांना लाज वाटावी म्हणून ते लावले असे मला वाटत नाही. हरलो हे लपवायचे नाही, इथूनच सुरुवात करायची, असा त्याचा अर्थ असावा.

ड्यूकचे क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनीही त्यांना साथ दिली. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी कोच के यांना पाच वर्षांचा नवा करार दिला. त्या हंगामात ड्यूकने २४ सामने जिंकले. आणि ४३ गुणांनी हरलेली तीच चार मुले शेवटच्या वर्षात आली तेव्हा, १९८५–८६ मध्ये, ड्यूकने ३७ सामने जिंकले आणि फक्त ३ गमावले. राष्ट्रीय अंतिम सामना ते लुइव्हिलकडून ७२–६९ असा हरले, पण आता त्या नावाची छपाई कुणालाही चूक वाटत नव्हती.

पाच बोटे आणि मूठ

कोच के यांची पद्धत म्हणजे नेमके काय? तिचा पाया आहे मॅन-टू-मॅन बचाव. झोन बचावात प्रत्येक खेळाडू कोर्टचा एक भाग सांभाळतो. मॅन-टू-मॅनमध्ये प्रत्येकाने समोरचा एक खेळाडू सांभाळायचा असतो. ऐकायला हे सोपे वाटते, पण समोरचा माणूस मला चकवून गेला की माझ्या शेजाऱ्याने स्वतःचा माणूस सोडून त्याला अडवायचे आणि शेजाऱ्याच्या माणसाकडे तिसऱ्याने धावायचे. हे सगळे एका सेकंदात व्हायला हवे. म्हणून या बचावात सर्वांत महत्त्वाची गोष्ट उंची नसून बोलणे आहे. 'डावीकडे', 'मी घेतला', 'मदत' असे सतत ओरडावे लागते. गप्प राहणारा संघ मॅन-टू-मॅन खेळू शकत नाही.

कोच के हे मुठीच्या उदाहरणाने समजावतात. संवाद, विश्वास, सामूहिक जबाबदारी, आपुलकी आणि अभिमान ही पाच बोटे. उघड्या पंजाने मारले तर बोट मोडेल, पण पाचही बोटे मिटली की मूठ होते.

दुसरी गोष्ट म्हणजे 'पुढचा डाव'. चेंडू गेला किंवा बास्केट झाली, तरी ते आता संपले आणि लक्ष पुढच्या डावावर हवे. २८ मार्च १९९२ रोजी फिलाडेल्फियात केंटकीविरुद्धच्या सामन्यात याची परीक्षा झाली. जादा वेळेत केंटकी १०३–१०२ ने पुढे होता आणि घड्याळात २.१ सेकंद उरले होते. अमेरिकन विद्यापीठांची ही स्पर्धा बाद पद्धतीची असते, म्हणजे हरलात की हंगाम संपला. टाइमआउटमध्ये कोच के यांनी खेळाडूंना सर्वांत आधी सांगितले की आपण जिंकणार आहोत. मग ग्रँट हिलला विचारले की तू इतका लांब पास फेकू शकशील का, आणि क्रिस्चियन लेटनरला विचारले की तू तो पकडशील का. त्यांनी हुकूम सोडला नाही, दोघांकडून होकार घेतला. त्याच हंगामात एकदा असाच लांब पास फसला होता, तरीही त्याच मुलावर विश्वास ठेवला. हिलने सुमारे ७५ फूट पास फेकला, लेटनरने तो पकडला, वळून मारला आणि ड्यूक १०४–१०३ ने जिंकला. त्या सामन्यात लेटनरने मैदानातून मारलेले दहाच्या दहा आणि फ्री थ्रोचेही दहाच्या दहा चेंडू बास्केटमध्ये टाकले होते.

१९९१ मध्ये ड्यूक पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला होता, १९९२ मध्ये पुन्हा झाला. नंतर २००१, २०१० आणि २०१५ मध्येही विजेतेपद मिळाले. एकूण पाच. विद्यापीठांच्या पुरुष बास्केटबॉलमध्ये याहून जास्त विजेतेपदे फक्त जॉन वुडन यांच्या नावावर आहेत, दहा.

एक खटकणारी गोष्ट

ज्यांच्याविषयी आदर वाटतो त्यांच्याबाबत सगळेच चांगले लिहायचा मोह होतो. पण एक गोष्ट मला खटकली, ती लिहितो. ऑक्टोबर १९९४ मध्ये कोच के यांच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली. ते लवकर कामावर परतले, पण शरीराने साथ दिली नाही आणि हंगामाच्या मध्येच त्यांना थांबावे लागले. त्या हंगामात ड्यूकने १८ सामने गमावले. त्यांतले १५ पराभव नोंदीत त्यांच्या नावावर नाहीत, ते त्यांचे सहायक पीट गॉडेट यांच्या नावावर आहेत. ते आजारी होते आणि कोर्टवर नव्हते, त्यामुळे हिशोब बरोबर आहे असे म्हणता येईल. तरी मला त्या सहायकाचा विचार येतो. 'नो एक्स्क्यूज' म्हणणे किती अवघड आहे ते अशा वेळी कळते. इतक्या मोठ्या माणसाच्या नोंदीतही अशी एक ओळ असते.

मोठे खेळाडू, जुनाच धडा

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. त्यानंतर राष्ट्रीय संघ कोच के यांच्याकडे सोपवण्यात आला. २००६ च्या जागतिक स्पर्धेत जपानमध्ये ग्रीसने त्यांना उपांत्य सामन्यात १०१–९५ असे हरवले. पुन्हा कांस्यच. संघात एकाहून एक नामवंत खेळाडू होते, पण तो संघ अजून मूठ झाला नव्हता. कोच के यांनी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना संघासमोर बोलायला बोलावले. देशासाठी खेळणे म्हणजे काय, हे त्यांना त्यांच्या तोंडून ऐकवायचे होते. पुढे कोबी ब्रायंटसारखा गुणांसाठी प्रसिद्ध असलेला खेळाडू संघात आला. त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वोत्तम खेळाडूला रोखण्याचे काम स्वतःहून मागून घेतले. २००८ मध्ये बीजिंगला अंतिम सामन्यात स्पेनला ११८–१०७ असे हरवून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. २०१२ ला लंडन आणि २०१६ ला रिओ येथेही सुवर्णच.

एप्रिल २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून ८१–७७ असे हरून त्यांची कारकीर्द संपली. एकूण विजय १,२०२ : वेस्ट पॉइंटमधले ७३ आणि ड्यूकमधले १,१२९. पण मला त्यांची एक इमारत जास्त आवडते. ड्यूक ज्या डरहॅम शहरात आहे तिथे २००६ मध्ये शाळकरी मुलांच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू झाले. त्याला त्यांच्या आईचे, एमिलीचे, नाव आहे. रात्री फरशा पुसणाऱ्या आईच्या नावाच्या दारातून आता मुले शिकायला आत जातात.

माझे कारण

आता आमच्या हाउसकडे परत येतो. हे सगळे वाचल्यावर मी त्या तीन पासचा पुन्हा विचार केला. पास देणारा मुलगा जोरात आणि गुडघ्याच्या उंचीवर चेंडू फेकत होता. छातीच्या उंचीवर पास द्यायचा, हे मी त्याला सांगितले नव्हते. पकडणाऱ्याने हात आधीच पुढे धरायचे, हेही मी शिकवले नव्हते. तीन आठवडे मी फक्त शूटिंग घेतले, कारण मला स्वतःला शूटिंग आवडते.

रविवारी मी त्या मुलाच्या डॉर्मिटरीत गेलो आणि त्याला हे सगळे सांगितले. त्याच्या शेजारच्या कॉटवरची मुले ऐकत होती, ते बरेच झाले, कारण त्याचे नाव मी चारचौघांत घेतले होते. त्याने थोडा वेळ बुटाची लेस ओढली आणि विचारले, "सर, उद्या किती वाजता?"

उरलेल्या दोन सामन्यांपैकी एक आम्ही हरलो आणि एक १८–१६ ने जिंकलो. चार हाउसमध्ये आम्ही तिसरे आलो. शेवटच्या सामन्यातही त्या मुलाच्या हातून एक पास सुटला. मी बाहेरून ओरडलो, "पुढचा डाव!" आणि तो मागे बचावाला धावला.

हाउस मास्टर सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी देता आले नव्हते, म्हणून इथे देतो. चार कारणांपैकी माझे एकही नव्हते. माझे पाचवे होते, आणि ते मी सांगितलेच नव्हते. नो एक्स्क्यूज, सर.